मानधन : निरंक

यादी पहिल्यांदा मीच टाईप केली,
जानेवारीत, लाईन जायच्या आधी, घाईघाईत.
विषय : तलाव संवर्धन सल्लागार समिती,
नगर पंचायत, चिखलबोडी.
अशासकीय सदस्य सात. मुदत तीन वर्षे.
मानधन निरंक. प्रवासभत्ता निरंक.
म्हटलं, फुकटच्या कामाला कोण येतंय.

आले अकरा अर्ज.
उरकुडा कापगते, निवृत्त मास्तर,
ज्यांच्या खापरपणज्याने म्हणे
या तलावाच्या पारीवर मातीची पहिली पाटी टाकली.
सुगत रामटेके, मोबाईल दुरुस्तीवाला,
थंडीत पहाटे उसन्या दुर्बिणीतून बदकं मोजतो
आणि आकडे दुकानाच्या शटरवर खडूने लिहून ठेवतो.
आणि पवनाबाई मारबते, ढिवर मोहल्ला.
रेघी वहीचं पान.
अनुभव : चाळीस वर्षे. पाण्यात.
त्याखाली वाकड्या अक्षरात
देवधान, पोवन, शिंगाडा,
मरळ कोणत्या गवतात पिल्लं सांभाळते
आणि बोटरी कुठून नाहीशी झाली.

यादी वर गेली.
वर म्हणजे जिल्ह्याला नाही.
वर म्हणजे बसस्टँडमागच्या राईस मिलची माडी,
जिथे चपला खाली काढून जायचं,
आणि भाऊ जेवत असतील तर
कोंड्याच्या धुळीत उभं राहायचं.
हा टप्पा नियमात नाही.
मुख्याधिकारी मॅडम नव्या होत्या, त्यांनी विचारलं,
कोणत्या कलमाखाली?
बडे बाबू पान थुंकायला बाहेर गेले
ते बराच वेळ आलेच नाहीत.

चार दिवसांनी यादी परत आली.
खाडाखोड पेन्सिलीने.
पेनाचं मागे उरतं.
आता त्यात भाऊंचे साळे,
ज्यांचा मुरूम रात्री उत्तरेच्या काठाला पडतो.
बूथ सांभाळणारे दोघे.
गेल्या वेळी पडलेला एक, त्याचं समाधान.
एक ताई, ज्या नागपूरला राहतात, पोळ्याला येतात.
एकाचं नुसतं टोपणनाव होतं.
पूर्ण नाव मलाच शोधावं लागलं.
मास्तर तेवढे राहिले.
फोटोत एक पांढरं डोकं असावं, असा निरोप होता.

मी पुन्हा टाईप केलं.
जुनी फाईल पुसली नाही,
पण उघडलीही नाही.

पहिल्या बैठकीला बालूशाही होती.
ठराव क्रमांक तीन :
उत्तरेकडील काठ पाण्याच्या दृष्टीने अनुपयोगी.
मास्तरांनी हात वर केला.
पाणी मागताहेत असं समजून
शिपायाने ग्लास पुढे केला.
मास्तर प्यायले.
मी लिहिलं, सर्वानुमते.

काठावर बेशरम माजली आहे, पुरुषभर.
ते झाडाचं नाव आहे.
मी काही सुचवत नाही.

एप्रिलमध्ये पवनाबाई ऑफिसात आली.
पदर ओला, कोपरापर्यंत गाळ.
मी मनात उत्तरं जुळवून ठेवली,
निकष, आरक्षण, वरिष्ठ स्तर.
ती म्हणाली,
माहा कागद वापस द्या जी.
मांगं नातवाचं गनित हाये, मास्तरीण मांगते.

पान उलटलं. होतं.
एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो,
दोन्ही चालू ठेवले तर.
उत्तराची जागा कोरी.

दप्तरी दाखल झालेला कागद परत देता येत नाही.
मी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून दिली,
दोन रुपये घेतले नाहीत.
माझ्या हातून एवढंच.

दारात थांबून तिने विचारलं,
थे समिती झाली का जी?
झाली.
मंग पान्यात कवा उतरते?
मी रजिस्टर पाहिलं.
पुढची बैठक ऑक्टोबरात आहे, म्हणालो.
तिने खरंच
बोटांवर महिने मोजले.