बिऱ्हाड

धाहरान. बाहेर सत्तेचाळीस अंश,
आत चिमट्यात नीलमाचा तुकडा,
नखाएवढा, कोरा.

न्यूट्रॉनचा मारा झाला.
ऑक्सिजनचा एक अणू जागा सोडून उडाला
आणि त्या भोकात एक इलेक्ट्रॉन
पाय पोटाशी घेऊन बसला.
तेवढ्यानं स्फटिक पिवळट,
हळदीचं बोट पाण्यात बुडवावं तसा.

"लेसर यातूनच काढायचाय," हुदैफा म्हणाला,
"दोष नीट मोज."

मोजले. वहीत लिहिले.
आणि तुकडा खिडकीत विसरले.

सुट्टी संपवून येते, तर
उन्हानं रंग पुसलेला.
भोक तिथंच असणार,
बसलेला उठून गेला.

हुदैफा रागावला नाही.
"पुन्हा करू. पण झाकायला काहीतरी बघ."

मी डब्यातला फॉइल काढला,
थालीपिठाचं तेल पुसलं,
दिला.