सतरावा

लेमविगच्या आमच्या प्रयोगशाळेत एक कान आहे,
रबराचा, फिकट गुलाबी, न टोचलेला.
तो हलक्या कानाचा नाही.
कुणी कितीही फुंकला तरी आकडेच सांगतो.
त्याच्यामागे माणूस नाही, हीच त्याची लायकी.

शेजारच्या भिंतीवर एक रेषा:
डावीकडे खर्जाशी जराशी फुगलेली,
मग बराच वेळ सपाट, जटलंडच्या माळासारखी,
तीन हजारांवर टेकडी
आणि तिथून उतरत उतरत वटवाघळांच्या हद्दीपर्यंत.
दोनशे बारा माणसांना काय आवडलं
त्याची बेरीज, भागिले दोनशे बारा.
चार वर्षं घासतेय मी तिला.

बरोबर आहे ती. हे आधीच सांगते,
नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल,
बघा, शेवटी विज्ञान हरलं.
नाही हरलं.

गुरुवारी नव्या इयरफोनसाठी पंचवीस जण आले.
सतरावा टोर्किल, वय एकाहत्तर,
त्यातली चाळीस वर्षं मासेमारी बोटींच्या इंजिनखोलीत.
पडद्याआडून मी अ लावला, ब लावला, क लावला.
अ म्हणजे माझी रेषा.
क मुद्दाम बिघडवलेला, खर्ज चिखलासारखा,
वरच्या सुरांवर घोंगडी.
लोक लक्ष देतायत ना, हे बघायला टाकलेला गळ.

टोर्किलनं क-ला दहापैकी दहा दिले.
अ-ला तीन.
शेरा: कुणीतरी चमचे धुतंय.

क्रम बदलला. पुन्हा दहा, पुन्हा तीन.
पुन्हा बदलला.
तेच.

त्याचा कान तपासला. चार हजारांच्या वर
ओहोटी लागलेली, पाणी पार आत गेलेलं.
मी धरून चालले होते की
जे येत नाही तेच माणसाला हवं असणार.
तो म्हणाला, वरचं गेलं ते गेलं,
ओढून आणलंत तर टोचतं.
खालचं शाबूत आहे,
ते तरी हात आखडून वाढू नका.

आकडेमोडीची बोदिल म्हणाली, सतरा वगळू या, विसंगत आहे.
पंचवीस जणांत
तिन्ही वेळा तेच उत्तर देणारा
तो एकटा होता.
तरी वगळला. नियम मीच लिहिलाय.

रात्री दिवे मालवून मी स्वतःला बसवलं पडद्याआड,
नाव न सांगता, क्रम विसरून.
माझा कान माझ्या रेषेपासून
दोन डेसिबल बाजूला निघाला.
मग जुन्या वह्या काढल्या.
दोनशे बारांपैकी रेषेवर नेमका
एकही नव्हता.
जवळपास मात्र बरेच होते,
दिव्याभोवती असतात तसे.

सोमवारी अ कारखान्याकडे रवाना झाला.
क-ची जोडी मी रबरी कानात घातली, आलेख काढला,
आणि खाली, चूक नोंदवायच्या चौकटीत,
पत्ता लिहिला:
टोर्किल, बंदराची गल्ली, तिसरं दार,
घंटा वाजवू नये, जोरात ठोकावं.