वास येतोय

उद्यमनगरात मगदूमांच्या दुकानात
काळ्या नळ्या वेटोळी घालून टांगलेल्या.
बाहेर लेथ ओरडत होता,
फौंड्रीची वाळू कोरड्या वाऱ्यानं दातांत.
मी म्हटलं, आठ एमेम, दीड फूट.
अनंतमतीबाईंनी ब्लेड उचललंच नाही.
कार्बोरेटर का इंजेक्शन?

त्यांनी एक नळी फिरवत फिरवत
अंगठ्यानं धूळ पुसली.
पांढरी अक्षरं वर आली: तीस आर सात.
ही जुन्या गाड्यांची, म्हणाल्या,
पेट्रोल हिच्यातनं पाटाच्या पाण्यासारखं चालतंय,
आपल्या मनानं.
मग दुसरी काढली. तीस आर नऊ.
हिच्यात पंप मागनं रेटतोय, तीन बार,
गाडी सिग्नलला उभी असली तरी.

दोन्ही काळ्या. दोन्ही आठच्या.
फरक आत हाय मिस्त्री, अस्तरात.
आता पेट्रोलात ऊस घालत्यात न्हवं,
त्यो जुन्या रबराला आतनं खातोय.

किंमत तिप्पट.
गाडी माझीच होती, जुनी झेन.
गिऱ्हाइकाची असती तर घेतली असती.
स्वतःच्या गाडीला कोण एवढं बघतंय?

चौथ्या रात्री शियेहून येताना
मालन म्हणाली, वास येतोय.
मळीचा, मी म्हटलं. कारखाना आला जवळ.
गळिताचे दिवस,
सगळं बावडं रात्री गोड-आंबूस होतं.
मळी मला कळती, म्हणाली. ही मळी न्हवं.
मी काच वर केली.
थांबवा. न्हाईतर मी हितंच उतरतो.

माझं नाक कधी गेलं, सांगता येणार नाही.
एकतीस वर्षं नळी तोंडात धरून
टाकीतलं पेट्रोल ओढलं,
त्यातल्याच कुठल्या तरी घोटाबरोबर गेलं असेल.
फोडणी जळली तर मला धूर दिसतो, तेव्हा कळतं.
हे घरी कुणाला बोललो नव्हतो.
तिला माहीत होतं.

बॉनेट उचललं. मोबाईलच्या उजेडात
नळीला घाम.
आणि दातेरी क्लिप जिथं रबरात रुतली होती
तिथून सुताएवढी धार,
तापलेल्या एक्झॉस्टच्या वीतभर अलीकडं पडत होती.
इंजिन बंद होतं.
बंद केल्यावरही दाब आत राहतो,
पोरांना हे शिकवतो मी.

मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडून.
ड्रायव्हर उतरला, भला माणूस,
काय झालं पाव्हणं, म्हणत
खिशातनं काडेपेटी काढली.
मालन जी ओरडली
ती शेतापलीकडच्या कुत्र्यांनी ऐकली.
त्याची विडी ओठातच राहिली.
मग आम्ही तिघांनी गाडी ढकलली, न बोलता,
उसाच्या पाचटावरून चाकं चुरचुरत.

सकाळी दुकानात गेलो.
अनंतमतीबाईंनी काही विचारलं नाही.
आर नऊ उलगडली, दीड फूट मापली,
ब्लेडनं एका दमात सरळ कापली,
आणि दोन क्लिपा पुढं सरकवल्या,
कडा मुडपलेल्या, बिनदाताच्या.
पैसे मोजताना माझी नजर गल्ल्यावर होती.

जुना तुकडा मी फेकला नाही.
टूलबॉक्सच्या वरच्या खणात आहे.
कुणी म्हणालं, मिस्त्री, हलकी टाका की, चालतंय,
तर त्याच्या हातात देतो आणि वाकवायला लावतो.
आतल्या भेगा मग आपोआप तोंड उघडतात.

आणि गाडी सोडायच्या आधी
इंजिन चालू ठेवून जिन्याखाली हाक मारतो.
ती येते, कोपरापर्यंत पीठ,
पदर मागं खोचून बॉनेटवर वाकते,
डोळे मिटते.
गिऱ्हाइकाला वाटतं, काही पूजाबिजा असेल.
मी तिच्या नाकपुड्यांकडं बघत उभा राहतो,
हातात पाना.
कधी म्हणते, परत बघा.
कधी नुसतीच सरळ होते,
पिठाचा हात झटकते,
जाऊ दे.