नव्वद मायक्रॉन

पाटीवर 'डिटेलींग' आहे, वेलांटी दीर्घ.
रंगाऱ्याने चुकवली
आणि मी पैसे देऊन झाल्यावर पाहिली.
बारीकसारीक बघण्याचा धंदा आमचा,
सुरुवातच अशी.

भांडुपला, एलबीएसच्या आतल्या अंगाला
पत्र्याचा गाळा. एका वेळी दीडच गाडी मावते,
दुसरीचं बॉनेट आत, डिकी रस्त्यावर.
लोक विचारतात, धुवायचे किती?
मी म्हणतो, नुसतं धुत नाही. साडेसहा हजार.
ते पाटीकडे बघतात, मग माझ्याकडे,
मग समोरच्या नळावर दोनशेत धुऊन घेतात
आणि जाताना हॉर्न देतात.

मळावरून मी पत्ता सांगतो.
दाराच्या कडांना मीठ धरलं की वरळी.
काचेवर चिकट ठिपके, म्हणजे वर पर्जन्यवृक्ष,
बहुधा चेंबूरची जुनी सोसायटी.
कबुतरांनी रंग खाल्लेला असेल
तर वरच्या मजल्यावर कुणीतरी पुण्य कमावतंय.
एसीच्या जाळीतून गुलाल निघतो, फेब्रुवारीतसुद्धा.
सीटच्या फटीतून कुड्याची फिरकी,
भुगा झालेलं बिस्किट, डॉक्टरची घडी घातलेली चिठ्ठी.
सगळं पाकिटात घालून वर नंबर लिहितो.
चिठ्ठ्या वाचत नाही.
एकदा वाचली होती, तेव्हापासून वाचत नाही.

मुस्तकीमला पहिल्या दिवशी सांगितलं, बादल्या दोन.
एकीत फेस, दुसरीत फडक्याची माती.
माती सोडली त्याच पाण्यातून फडकं उचललंस
तर ओरखडे तूच काढतोयस, धुऊन धुऊन.
तो म्हणाला, आमच्या घरची भांडणंपण अशीच, शेठ,
एकाच बादलीतली.

दुसरी गोष्ट मलाच उशिरा कळली.
चकाकी आपण लावत नसतो.
ओरखड्याच्या तळापर्यंत
आजूबाजूचं सगळं खाली आणतो, इतकंच.
दर पॉलिशला रंगाचा एक पापुद्रा जातो.
आधी मीटर लावायचं, किती उरलाय बघायचं,
मग मशीनला हात.

मार्चात बाईतकाका आले. ड्रायव्हर.
गाडी साहेबांची, चंदेरी सेडान,
सोळा वर्षं एकाच हाताखाली.
विकली होती. सकाळी माणूस न्यायला येणार होता.
साहेबांनी पाठवलं?
साहेबांना माहीत नाही.

मीटर छतावर नव्वद म्हणालं, बॉनेटवर पंच्याहत्तर.
दिव्याखाली सगळीभर गोलगोल जाळं.
म्हणजे कुणीतरी रोज, जीव लावून,
कोरड्या फडक्याने पुसत होतं.
कोण, ते विचारलं नाही.

सगळे जाणार नाहीत, म्हणालो. रंग पुरणार नाही.
जातील तेवढे घालवा.
गिअरच्या मुठीला मात्र हात लावू नका.
मूठ गुळगुळीत, आकडे केव्हाच पुसलेले,
पाचवा कुठे पडतो ते त्यांच्या तळव्यालाच ठाऊक.

सव्वादोन वाजले रात्रीचे.
मेट्रोच्या खोदकामाची धूळ शटरखालून येत होती,
तिथे ओलं गोणपाट लावलं.
टँकरचं पाणी संपलं तेव्हा मुस्तकीमने पिण्याचं ओतलं.
विशाखाचा फोन दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही.
काका स्टुलावर. झोपले नाहीत, बोललेही नाहीत,
फक्त डाव्या आरशाशी एकदा म्हणाले,
तो ठाण्याला लागला होता, माझी चूक नव्हती.

बिल निम्मं सांगितलं तर रागावले.
पाचशेच्या तेरा नोटा मोजून ठेवल्या.
पावती हवी म्हणाले.
नाव काय लिहू?
थोडं थांबून त्यांनी गाडीचा नंबर सांगितला,
शाळेत मुलाचं नाव घालताना सांगतात तसा,
एकेक अक्षर सुटं करून.

कार्बन कॉपी अजून वहीत आहे.
हिशेब करताना विशाखा त्या पानावर अडते,
म्हणते, इथे नाव राहिलंय.
राहू दे, म्हणतो मी.
रंगारी वेलांटीचे नऊशे मागतोय,
त्यालाही तेच सांगितलं.