इतिवृत्ताची वही

हजर: अकरा.
त्यातले दोघे चहा द्यायला आले होते, बसवून घेतले.
जागा: कस्टमची जुनी शेड, खाडीच्या तोंडाशी.
विषय: पुढची दहा वर्षं.

दहा वर्षं असं लिहिलं आणि वर पाहिलं.
पत्रा गंजून इतका विरलाय
की दुपारची उन्हं त्यातून चाळणीतल्या कण्यांसारखी पडतात
खालच्या वस्तूंवर:
चाकांची खुर्ची, दोरखंड, करवत, जनरेटर,
तीन कुबड्या (चौथी अजून कुणाच्या तरी घरी आहे)
आणि वादळानंतर कुठूनसे आलेले सव्वीस गमबूट,
सगळे डाव्या पायाचे.

वादळ आलं तेव्हा केंद्र नव्हतं, नुसती माणसं होती.
केंद्र मागाहून झालं,
कुणीतरी पावतीपुस्तक छापून आणलं म्हणून.

शिरीष कांबळी उभा राहिला. त्याने तक्ता आणला होता.
कंपनीचा चेक मार्चला संपतो.
पुन्हा हवा असेल तर दाराला त्यांचा निळा रंग,
आणि खुर्चीच्या पाठीवर त्यांचं नाव.
"बसणाऱ्याला पाठीमागचं कुठे दिसतं," कोणीतरी म्हणालं.
"ढकलणाऱ्याला दिसतं," रुबिना सोलकर म्हणाली.
दोन वर्षं तिने सासऱ्यांना ढकलत नेलं धक्क्यापर्यंत,
रोज, होड्या लागायच्या वेळेला.
हे इतिवृत्तात घेतलं नाही.

मग सोलर. खारा वारा. पत्रा की कौलं.
कौलं म्हटल्यावर माकडं.
माकडांवर वीस मिनिटं गेली.

भिवा मेतर तिन्ही बैठका खिडकीत बसून जाळं शिवत होता.
त्याने दोरा दातांनी तोडला.
"होडयेचो वाटो आसता. जाळ्याचो आसता.
मशीन बसयला, तेचोय धरलो.
मशीन काय जेवता?
मगे ह्या शेडीचो एक धरलो तर काय झाला?"

कोणी काही बोललं नाही.
धक्क्यावर बर्फ फोडत होते, तेवढंच ऐकू येत होतं.

शिरीषने तक्ता उलटा केला, मागच्या बाजूला मांडू लागला:
होड्या एकोणीस, बंदीचे दिवस वजा, उधाणाचे वजा...
"आणि मासळीच गावली नाही तर?"
"मगे कोणाकच नाय," भिवा म्हणाला.
"शेड काय परकी हा?"

हे मी शब्दशः लिहिलं, बोलीत.
सही करताना शिरीषने शुद्धलेखन सुधारायला पेन उचललं
आणि परत ठेवलं.

होडी नसलेल्यांचं काय, हे बराच वेळ सुटेना.
सुनंदा राऊळ काजूच्या बोंडांवर आली, मग बियांवर, किलोवर अडली.
पोस्टातले वालावलकर म्हणाले, माझ्याकडे फक्त शनिवार आहे.
शनिवार चालेल, असं ठरलं.
गमबुटांचं काहीच ठरलं नाही.
कंपनीला पत्र जाईल: खुर्ची पूर्वीसारखीच राहील,
कळावे.

चहाचे पेले गोळा झाले.
कुलपात किल्ली अडली, हवेने.
रुबिनाने केसांवरून बोट फिरवून
तेवढं खोबरेल किल्लीला लावलं.

मी जूनमध्ये कोल्हापूरला चालले आहे, नोकरीला.
बैठकीत सांगितलं नाही. तसा विषय नव्हता.
दहा वर्षांच्या हिशेबात होड्या होत्या, पत्रा होता, शनिवार होता;
वही कोण लिहिणार, हे माझ्यासकट
कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

घरी आल्यावर पानं मोजली. एकशे बारा कोरी.
पट्टी घेऊन पुढच्या पाचांना समास आखला.
पहिल्यावर तारखेच्या जागी लिहिलं: ओहोटी बघून.
आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात,
म्हणजे नवख्याला चटकन सापडेल,

हजर: