किटलीचा टवका

शाळेतून आलेला कागद अनुजिननं चुलीजवळ बसून वाचला,
मला, गांझोरिग मामाला, आणि कुत्र्याला.
ऐकत फक्त कुत्रा होता.
बाहेर उणे एकतीस, दाराच्या कडीला आतून बर्फ.
उलानबातरच्या टेकडीवर आमचं नमद्याचं घर,
पाण्याची टाकी दोन वळणं खाली.
ओढत आणलेला कॅन आधी चहाला, मग भांड्यांना,
तोंडाला उरलं तर.

कागद म्हणतो : झोपण्यापूर्वी दोन मिनिटं.
मामा म्हणाला, दोन मिनिटांत माझी सिगरेट होते.
हसला, तेव्हा त्याचा सोन्याचा दात चमकला.
चार वर्षांची होती तेव्हा पोरगी
वाढदिवसाला तसलाच दात मागायची.

तिचा पहिला दुधाचा दात
मी चरबीत गुंडाळून कुत्र्याला घातला,
माझ्या आईनं माझा घातला होता तसा.
कुत्र्यासारखे बळकट येतील, म्हटलं.
आलेही.
मग दुकानातल्या बरणीनं एकेक खाल्ला.
दुकान माझंच. गोळ्या मीच द्यायचे,
रडू नये म्हणून, थंडी आहे म्हणून,
बाप ट्रक घेऊन दक्षिणेच्या खाणीवर गेला म्हणून.

मला कुणी शिकवलं होतं ते एवढंच :
वाळलेलं दही चघळ, दात घट्ट होतात.
दुखलं तर व्होडकाचा बोळा.
फारच दुखलं तर पक्कड,
आणि त्यानंतर जन्मभर हसताना तोंडावर तळहात.

परवा तिच्या फोनवर वर्गातल्या पोरींचा फोटो पाहिला.
सात जणी. सहा जणी दात काढून हसतायत.
अनुजिनच्या तोंडावर तळहात.
हिला हे कुणी शिकवलं?
शाळेतली नर्स दातांच्या कण्या करते तरी काही शिकत नाहीत पोरं,
आणि मी तर कधी समोर बसवून
अक्षरही सांगितलं नव्हतं.

"इनॅमल म्हणजे काय गं?"
मला काय माहीत, म्हटलं, किटलीला असतं ते.
"तेच," ती म्हणाली. "एकदा उडालं की परत येत नाही."
आम्ही दोघींनी किटलीकडे पाहिलं.
तोटीपाशी काळा टवका. लग्नातली किटली.

खाली आईच्या सहीची रेघ.
"डॉक्टर ओरडतात का?" मी विचारलं.
"कुणावर?"
मी गप्प.
"आ कर," ती म्हणाली, आणि फोनचा उजेड लावला.

तेरा वर्षांची पोर माझ्या तोंडात वाकून पाहत होती
आणि मी, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात आलेली,
आ वासून छताच्या गोल भोकातून
धूर वर जाताना बघत होते.
"ही गेली. ही पण गेली.
मागून तिसरी आहे ना, ती अजून वाचेल."
चिडली नाही. नुसती मोजत होती,
मी दुकानात पाकिटं मोजते तशी.

मी सही केली.
तिनं त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं : आईलाही आणू का?
खोडून टाक, म्हटलं. नाही खोडलं.

मग मी किटलीतलं कोमट पाणी
चहाची पत्ती टाकायच्या आधी
एक वाटी बाजूला काढून ठेवलं.
चहा कमी पडला त्या रात्री.
मामा कुरकुरला.