आडनाव

अँतेप, एकोणीसशे पस्तीस. सरकारचा हुकूम:
आडनाव घ्या.
रांगेत एकाने सिंह घेतला, एकाने वीज,
चहावाला तर पोलाद होऊन बाहेर पडला.

रेमझी उस्ताच्या नखांत काजळी.
कारकून टाक बुडवून थांबलेला: बोला लवकर.

सातव्या वर्षी बापाने उतरवलं होतं
लोकांच्या हंड्यात, अनवाणी,
तळव्यांखाली वाळू आणि ओली चिंधी.
भिंतीचा खुंटा धरून कंबर घुसळायची
तांबं लालबुंद उघडं पडेपर्यंत.
मग नवसागराचा धूर, बोळ्याचा एकच हात,
आणि तळाशी चंद्र.

"कलायजी," तो म्हणाला.
आपल्या कल्हईचीच ही लांबची बहीण;
मागचा 'जी' मात्र आदराचा नाही,
धंद्याचा.
कारकुनाने मान वर न करता लिहिलं.

आता पणती नेस्रिन कलायजी दात भरते.
पाटी स्टीलची, घरातली भांडीही.
तांब्याचं एकच, भिंतीवर, शोभेला.
काल पोराने खेळता खेळता त्यात ताक ओतलं.
संध्याकाळी घोट घेतला, थुंकला:
आई, हे असं कळकलं का?

नेस्रिन भांडं उलटसुलट करून बघते,
आडनावासकट गप्प.